‘नाइट वॉच’ कुणी नाकारलंच नव्हतं

सतराव्या शतकातल्या डच चित्रकार रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या चित्राबद्दल एक गोष्ट सारखी शेअर होत असते. अ‍ॅमस्टरडॅमच्या शिपायांनी वर्गणी काढून गस्तीचं चित्र काढून घेतलं, निम्म्यांचे चेहरे अंधारात गेले, ते भडकले, त्यांनी चित्र नाकारलं आणि रेम्ब्रांट कंगाल झाला. वाचताना चटका बसतो, पण यातलं वर्गणीपुरतंच खरं आहे.

पहिलं म्हणजे ही रात्र नाही. कप्तान फ्रान्स बॅनिंग कॉकच्या पुढे केलेल्या हाताची सावली शेजारच्या लेफ्टनंटच्या पिवळ्या कोटावर पडली आहे, ती नीट बघा. भर उजेडाशिवाय अशी सावली पडत नाही. वरचं व्हार्निश काळवंडत गेलं आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘नाइट वॉच’ हे नाव चिकटलं.

हे पगारी शिपाईही नव्हते. आपल्या वॉर्डाच्या रक्षणाला नेमलेले खातेपिते नागरिक, त्यात कापडाचे व्यापारी बरेच. दोघांनी पुढे दिलेल्या जबानीनुसार प्रत्येकी साधारण 100 गिल्डर (तेव्हाचं डच नाणं) पडले. चित्रातल्या जागेप्रमाणे कमीजास्त.

आता नाकारण्याचं. 1642 मध्ये पूर्ण झालेलं हे चित्र 1715 पर्यंत त्याच दलाच्या सभागृहात टांगलेलं होतं. नकोशी वस्तू कुणी सत्तर वर्षं स्वतःच्या भिंतीवर ठेवत नाही! कप्तानाने तर घरच्या अल्बममध्ये त्याची रंगीत नक्कल करून घेतली. ते कापलं गेलं हे खरं, पण 1715 मध्ये टाउन हॉलच्या भिंतीवर मावावं म्हणून. त्यात डावीकडच्या दोन आकृती गेल्या.

चेहरे झाकले म्हणणाऱ्यांनी ती उजळ सोनेरी मुलगी पाहावी. तिच्या कमरेला मेलेली कोंबडी लटकते आहे, पंजे ठळक दिसतील अशी. पंजा ही क्लोवेनियर्स या बंदूकधारी दलाची खूण. आजूबाजूला एक जण बंदूक भरतोय, एक गोळी झाडतोय, एक बंदुकीतली उरलेली दारू फुंकून टाकतोय. ओळीत बसलेल्या चेहऱ्यांपेक्षा ‘आम्ही कोण’ हे इथे जास्त ठसतं. मला तरी यात सभासदांचा अपमान कुठे दिसत नाही.

राहिली कंगाली. दिवाळं निघालं 1656 मध्ये, म्हणजे 14 वर्षांनी. 1639 मध्ये 13,000 गिल्डरला घेतलेल्या घराचं देणं फिटलंच नव्हतं. आणि दिवाळ्यानंतरही, 1662 मध्ये, याच शहरातल्या कापडाची प्रत तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी आपलं सामूहिक चित्र रेम्ब्रांटकडूनच काढून घेतलं.