पोळं काढायचं की ठेवायचं?

"पेट्रोल आणि काडी. दोन मिनिटांत विषय मिटतोय," दादू म्हणाला आणि कट्ट्यावर वादाला तोंड फुटलं.

सांगलीत आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर दादूचं मिठाईचं दुकान आहे. ऑक्टोबर उजाडला की जिलेबीच्या परातीवर लालसर-तपकिरी, पोटावर पिवळा पट्टा असलेल्या मोठ्या माश्या घिरट्या घालायला लागतात आणि गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरतं. तिकडं सेक्रेटरीकाकांच्या बिल्डिंगमध्ये जिन्याच्या खिडकीबाहेर छज्ज्याला पोळं लटकलंय. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या बाल्कनीत भिंतीवर मातीचे लिंपण केलेले गोळे आहेत. काकांनी या तिन्हीसाठी पेस्ट कंट्रोलवाल्याकडून एकच कोटेशन मागवलं होतं. कागदावर लिहिलं होतं, 'गांधीलमाशी निर्मूलन'.

जीवशास्त्र शिकवणारे मास्तर तो कागद वाचून वैतागले. "काका, ह्या तीन वेगळ्या जाती आहेत. तिघींना एकच औषध कसं?"

मातीच्या गोळ्यांचा निकाल लगेच लागला. ती कुंभारीण. एकटी राहते, राणी-कामकरी असला पसारा नाही, आणि घरट्याची राखण करायला अंगावर येत नाही. चिखल आणून खोल्या बांधते, कोळ्यांना डंख मारून लुळं करते, खोलीत कोंबते, वर एक अंडं घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. "गोळ्याला भोक दिसलं की समजायचं, पिल्लू उडून गेलं. खरवडा आणि भिंत पुसून घ्या. त्याला पैसे कशाला मोजायचे?" मास्तरांचं हे म्हणणं मला सोळा आणे पटलं. जी माशी सहसा चावतच नाही तिच्यासाठी लहान मूल झोपतं त्या खोलीच्या भिंतीवर विष मारणं चूकच आहे.

खरी खडाजंगी झाली ती छज्ज्याखालच्या पोळ्यावर.

वाळलेलं लाकूड कुरतडायचं, लाळेत मळायचं आणि त्या लगद्याच्या षटकोनी खोल्या करायच्या, असं हे कागदी पोळं. बाहेरून आवरण नाही, खोल्यांची तोंडं उघडी, आणि सगळं ओझं एका बारीक देठावर. मुंग्या वर चढू नयेत म्हणून माश्या त्या देठाला स्वतःच्या अंगातला स्राव चोपडतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी आपल्याकडच्या अशाच एका गांधीलमाशीवर कित्येक दशकं काम केलंय. राणी काढून घेतली तर काही मिनिटांत एक कामकरी माशी आक्रमक होते आणि पुढं तीच राणी बनते, हे त्यांच्या अभ्यासातून कळलं. मास्तर हे सांगताना रंगून गेले होते. आपल्या खिडकीबाहेर एवढं राजकारण चालतं हे ठाऊक नसताना ते जाळून टाकायचं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं.

बापूंची साथ मास्तरांना. त्यांचा ऊस आहे. "खोडकिडीला आम्ही ट्रायकोकार्ड लावतोय की. एका कार्डावर वीस हजारांच्या घरात अंडी असत्यात. त्यातनं निघणारी चिलटाएवढी माशी खोडकिडीची अंडी संपवती, आणि ती ह्यांच्याच भावकीतली. आणि ही मोठी काय खाती? अळ्याच धरून नेती पिल्लांना. माझ्या बांधावरचं पोळं मी हलवणार नाही."

"बांधावरचं नका हलवू," काका म्हणाले. "पण गेल्या वर्षी हिला एकच माशी चावली. ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला. दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं तेव्हा ती वाचली. मला शास्त्र सांगू नका."

यावर कोणी काही बोललं नाही. मास्तरही नाहीत.

माझं मत इथंच पक्कं झालं. माशी कुठली हे ओळखायचंच, पण निर्णय जागेनं आणि तिथं राहणाऱ्या माणसांनी ठरतो. तेच पोळं पंचवीस फुटांवर आंब्याला असतं तर मी ते ठेवा म्हणालो असतो. जिन्याच्या खिडकीच्या गजाला पोरं लोंबकळतात आणि त्याच जिन्यानं काकू रोज उतरतात. ते काढायलाच हवं. थोडा वेळ घेऊन मास्तरांनीही मान्य केलं.

मग कसं काढायचं यावर दादूचं पेट्रोल परत आलं. आम्ही सगळे त्याच्यावर तुटून पडलो. छज्ज्याला चिकटून एसीची वायर आणि खाली लावलेल्या मोटारसायकली! जळत्या पोळ्यातून सुटलेल्या माश्या तर समोर दिसेल त्याला डसतात. मधमाशीचा काटेरी डंख माणसाच्या कातडीत अडकतो आणि ती मरते. गांधीलमाशीचा डंख अडकत नाही, ती पुन्हापुन्हा मारते. काम करायचं ते अंधार पडल्यावर, माश्या पोळ्यावर बसलेल्या असताना, अंग आणि तोंड पूर्ण झाकून, आणि शिडीवर चढून तर नाहीच नाही. पेस्ट कंट्रोलवाल्याकडं 1968 च्या कीटकनाशक कायद्याखालचा परवाना आहे का, हे कोटेशनच्या आधी विचारायचं.

काकांच्या मुलानं परदेशातून कळवलं होतं की थांबा, थंडीत पोळं आपोआप मरतं. तिकडं बर्फ पडतो, तिथं ते खरं आहे. आपल्याकडं कडाक्याची थंडी नाही. इथलं कागदी पोळं बाराही महिने चालू राहू शकतं. तिकडचा सल्ला इथं जसाच्या तसा चालत नाही.

दादूच्या दुकानातली माशी मात्र वेगळी. ती भिंतीच्या पोकळीत नाहीतर जमिनीतल्या बिळात राहते. तिच्या पिल्लांना मांस लागतं आणि स्वतःला गोड, म्हणून ती मटणाच्या दुकानात आणि मिठाईच्या परातीवर सारखीच दिसते. "मिठाईवर स्प्रे मारशील तर ते विष माणसंच खाणार," मास्तर म्हणाले. परातीवर काचेचं झाकण, दाराला जाळी, सांडलेला पाक लगेच पुसायचा, कचऱ्याचा डबा घट्ट बंद. माल उघडा राहिला तर दहा मारल्या तरी अकरावी येणार. आणि बीळ सापडलं तर दिवसाढवळ्या सिमेंट भरून बुजवायचं नाही. आतल्या माश्या दुसरी वाट काढतात आणि ती वाट घरात निघाली तर पंचाईत.

पाण्याच्या टाकीखालच्या आग्या मोहोळाचाही विषय कोणीतरी काढलाच. त्या मधमाश्या आहेत. त्यांना या यादीत घालू नये आणि दगड तर मुळीच मारू नये. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. मोहोळ न जाळता हलवणारी माणसं शोधायची तर अशा जाणकारांकडं चौकशी करावी.

चावल्यावर चुना की लोखंड, यावर पुन्हा दोन तट पडले. मी स्पष्टच सांगितलं: साबणानं धुवा, बर्फ लावा. पण ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, उलटी झाली किंवा एकदम बरेच डंख बसले, तर चुना शोधत बसू नका. गाडी काढा. अशा वेळी माणूस ॲड्रिनॅलिननं वाचतो आणि ते दवाखान्यात मिळतं. खूप डंख असतील तर किडनीला धोका असतो, म्हणून बरं वाटलं तरी तपासणी करून घ्यायचीच. काकूंनी तर डॉक्टरांना विचारून ते इंजेक्शन घरात ठेवावं, असं मी काकांना सांगितलं. त्यांनी ते कोटेशनच्या मागं लिहून घेतलं आणि पुढच्या बाजूवरून बाल्कनीची ओळ खोडली.

काचेच्या झाकणांचा खर्च दिवाळीआधी परवडणार नाही यावर दादू अजून अडून आहे. पण उद्या दिवस कलताना माश्या दुकानातून कुठल्या दिशेनं परततात ते बघायला तो, बापू आणि मास्तर जाणार आहेत.