पासपोर्ट, व्हिसा आणि साडेआठची मालिका

परदेशी जायचं ठरलं की माणसं आधी पासपोर्ट काढायला धावतात. तिथंच चुकतं. आधी घरातल्या मालिकांचं वेळापत्रक काढावं. कागदावर, सोमवार ते शनिवार, कोणती किती वाजता लागते आणि घरात कोणाची कोणती. मग तो कागद ट्रॅव्हल्सवाल्यापुढं सरकवून म्हणावं, "यात तुमचं पॅरिस कुठं बसतंय बघा." नाही बसलं तर पॅरिस गाळावं. आयफेल टॉवर १८८९ पासून तिथंच उभा आहे, पुढच्या वर्षीही असेल. साखरपुडा मोडतो तो भाग मात्र एकदाच लागतो. म्हणजे संध्याकाळी एकदा, मग मध्यरात्री, मग दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि तरीही सुटला तर रविवारच्या महाएपिसोडात.

मी हे अनुभवानं सांगतोय. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं युरोप बघून आलो. बघून आलो असं म्हणायची पद्धत आहे.

तुम्ही बेळगावचे, खानापूरचे नाहीतर निपाणीचे असाल तर तुमची निम्मी तयारी जन्मतःच झालेली आहे. परदेशात मोबाइलवर 'हा कार्यक्रम तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही' असं आलं की पुण्यामुंबईचा माणूस हबकतो. आपण कशाला हबकू? आपला प्रदेश कोणता, हा प्रश्न आपल्याला १ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे आपला मराठी मुलूख कन्नड राज्यात घातला तेव्हापासून, पडलेला आहे. अगदी २०१७ च्या आसपास कंपन्यांनी देशातलं रोमिंग उठवेपर्यंत कोगनोळीचा सीमेवरचा नाका ओलांडून महाराष्ट्रातल्या कागलला चहाला थांबलं तरी फोनवर रोमिंग लागायचं. चहावाला मात्र घरच्यासारखं मराठी बोलायचा. भाषा एका टॉवरची, फोन दुसऱ्या टॉवरचा, याची ज्याला सवय आहे त्याला झुरिच काय नि न्यू जर्सी काय.

आता वेळेचं गणित पाठ करा. आपल्याकडचे रात्रीचे साडेआठ म्हणजे दुबईत सात, लंडनला उन्हाळ्यात दुपारचे चार, स्वित्झर्लंडला संध्याकाळचे पाच, न्यू जर्सीला सकाळचे अकरा. सिंगापूरला रात्रीचे अकरा. सिडनीकडं शक्यतो जाऊच नका, तिथं मध्यरात्र उलटून एक वाजलेला असतो आणि नायिकेबरोबर रडायला लागलं की शेजारी उठतात.

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाणाऱ्या आयांनी पुढचं नीट वाचावं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडं घड्याळं एक तास मागं करतात आणि अकराची मालिका दहाला लागते. माझ्या मावसबहिणीनं हा धक्का नातवाला न्हाऊ घालताना सोसला. हातात ओलं बाळ, बाहेरच्या खोलीत शीर्षकगीत. पहिली सहा मिनिटं गेली. त्या सहा मिनिटांत काय झालं ते आजवर कळलं नाही म्हणते. (मी सांगू शकतो. आदल्या दिवशी काय झालं ते दाखवलं.)

कार्यक्रम उपलब्ध नाही म्हटल्यावर भाचा नाहीतर पुतण्या, घरातला कोणीतरी एक, फोनवर व्हीपीएन टाकून देतो. तुम्ही बसलेले असता इंटरलाकेनच्या हॉटेलात, पण ॲपला वाटतं तुम्ही मुंबईत आहात. यादीतून गाव निवडायचं, बोट टेकवायचं, चाक फिरतं, चार सेकंदांत 'जोडले गेले' असं येतं. ती अक्षरं मी बघतच बसलो. बेळगाव महाराष्ट्राला जोडावं म्हणून मोर्चे निघाले, लाठ्या खाल्ल्या, सीमाप्रश्नाचा महाजन आयोग आला आणि गेला, ८६५ गावांची यादी झाली, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. आणि इथं आमची ही चार सेकंदांत मुंबईला जोडली गेली, पायात हॉटेलची स्लिपर घालून.

फार हुरळून जाऊ नका म्हणा. २०२२ मध्ये सरकारनं व्हीपीएनवाल्यांना गिऱ्हाइकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तशी काही बड्या कंपन्यांनी आपली यंत्रं भारतातून उचलली. यादीत भारताचं नाव तसंच राहिलं, त्यामागचं यंत्र काहींनी सिंगापूरला नेलं. तेव्हा आमची ही जोडली गेली ती बहुधा सिंगापूरला. असो. पाटीवर एक गाव आणि प्रत्यक्षात दुसरं, हेही आपल्याला नवं नाही.

शिवाय ही युक्ती बहुतेक ॲपांच्या नियमांत बसत नाही. आणि दुबई-अबुधाबीत तर तिच्या वाटेला जाऊ नका. तिथल्या कायद्यात गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी असलं काही वापरलं तर दंड ५ लाख दिरहमपासून सुरू होतो आणि २० लाखांपर्यंत जातो. एवढ्या पैशात सुनेला वेगळं घर घेऊन देता येईल, आणि मग मालिकाच बंद पडेल.

भाग आधीच डाउनलोड करून न्यावेत, असं काही शहाणे सांगतात. जे भाग अजून झालेच नाहीत ते कसे न्यायचे, ते मात्र सांगत नाहीत. रोमिंगचा पॅक घेतलात तर तो फक्त मालिकेसाठी राखून ठेवा, कारण एचडीत तासाला दोन-तीन जीबी सहज जातात. नवऱ्यानं नकाशा उघडू नये, कोणाला फोटो पाठवू नयेत. वाट चुकलीच तर चुकू द्या. परक्या गावात हरवलेला नवरा संध्याकाळपर्यंत सापडतो.

पण खरा उपाय यातला कोणताच नाही. घरी एक आत्ते ठेवून जावं.

पूर्वी स्लिंगबॉक्स नावाची एक पेटी मिळायची, २००५ पासून. घरच्या टीव्हीला जोडून ठेवली की घरचं चॅनेल जगाच्या पाठीवर कुठंही दिसायचं. ९ नोव्हेंबर २०२२ ला कंपनीनं तिचे सर्व्हर बंद केले. आमची आत्ते अजून चालू आहे. मालिका लागायच्या दोन मिनिटं आधी ती व्हिडिओ कॉल लावते, फोन कुंद्याच्या रिकाम्या डब्याला टेकवून टीव्हीपुढं उभा करते आणि स्वतः बाजूला बसते. वर जे दिसत नाही ते तोंडानं सांगते. कोणती पेटी हे करते सांगा.

आम्ही युंगफ्राऊयोखला होतो, ३,४५४ मीटरवर, युरोपातल्या सगळ्यांत उंच रेल्वे स्थानकात. समोर आलेच नावाची, आल्प्समधली सगळ्यांत लांब हिमनदी. स्विस वेळेप्रमाणं दुपारचे चार, म्हणजे आमच्या बेळगावातल्या शहापुरात साडेसात. हिनं हिमनदीकडं पाठ केली, डोक्यावरून शाल घेतली आणि शालीच्या आत फोन धरला.

"दिसूलंय काय गे?" आत्तेचा आवाज.

"दिसूलंय, खरं ऐकू येईना."

"थांब की. कुकर हाय."

तीन शिट्ट्या झाल्या. आल्प्सच्या डोक्यावर आमच्या स्वयंपाकघरातल्या डाळीच्या तीन शिट्ट्या. त्या ऐकून आमच्याच ग्रुपमधल्या सांगलीच्या बाई आल्या, "कुठली बघताय?" म्हणत शालीत शिरल्या. मागोमाग नाशिकचं अख्खं कुटुंब आलं. पाच मिनिटांत शालीखाली आणि शालीभोवती मिळून नऊ माणसं. एका परदेशी जोडप्यानं लांबून आमचा फोटो काढला, काय समजून काढला देव जाणे.

नायिकेला पत्र सापडलं होतं. ती ते उघडणार, तेवढ्यात आत्ते ओरडली, "अगं बाई, नळ आला!" आणि उठली. उठताना धक्का लागून फोन आडवा झाला. त्यानंतर आम्ही नऊ जणांनी, उणे तापमानात, शहापुरातल्या घराचा छताचा पंखा बघितला. सांगलीच्या बाईंना वाटलं, येईल आत्ता. आम्ही काही बोललो नाही. पाणी पाचव्या दिवशी आलेलं होतं, पिंप भरल्याशिवाय आत्ते वळून बघणार नाही हे आम्हांला माहीत होतं. गाइड येऊन सांगून गेला की बर्फाचा महाल बघायचा राहिलाय. कोणी हललं नाही. पंखा दोनवर होता.

रात्री हॉटेलात पोहोचलो तेव्हा आत्तेची व्हॉइस नोट येऊन पडलेली. बावीस मिनिटांच्या भागाची चौदा मिनिटांची नोट. "तिला समदं कळलंय बघ, खरं ती सांगीना. सासू हाय न्हवं, ती दाराआड हुबी. आणि त्यो मेला काय करतोय, तर फोनवर बोलूलाय." त्यात मध्येच कोपऱ्यावरच्या भाजीवालीशी कोथिंबिरीचा सौदा. बायकोनं कोथिंबीरसुद्धा दोनदा ऐकली. सहाव्या दिवशी घरची कोथिंबीर ऐकू आली की डोळ्यांत पाणी येतं, हे तुम्हांलाही कळेल.

ज्यांना आत्ते नाही त्यांनी शेजारच्या अक्कांशी संबंध गोड ठेवावेत. २०१६ मध्ये 'तुझ्यात जीव रंगला' सुरू झाली, कोल्हापूरकडचा पैलवान आणि त्याची मास्तरीण. पुढच्या वर्षी कन्नडमध्ये 'जोडी हक्की' आली, तीच गोष्ट. 'माझ्या नवऱ्याची बायको'ची 'सुब्बलक्ष्मी संसार' झाली. इकडं दुकानाची पाटी कोणत्या भाषेत असावी यावरून गावात तणाव, आणि सवत दोन्ही भाषांत बिनबोभाट नांदत होती. आमच्या शेजारच्या अक्का कन्नड बघायच्या, आई मराठी. भिंत एकच. आईची गाडी पुढं असल्यामुळं अक्का कुंपणापाशी येऊन हळूच विचारायच्या, "मुंदेनु?" पुढं काय? आई सांगायची, पण सगळं नाही. एवढी सत्ता आमच्या घराला नंतर कधी मिळाली नाही. तात्पर्य एवढंच घ्या, की परदेशात तुमचा एखादा मराठी भाग बुडालाच तर वर्षभर कळ काढा, तो कन्नडमधून परत येण्याचा संभव आहे. सीमाभागात राहण्याचे जे थोडे फायदे आहेत त्यातला हा एक.

बुडून बुडून किती बुडेल, तेही पाहून ठेवा. २००१ मध्ये 'चार दिवस सासूचे' नावाची मालिका लागली. ते चार दिवस अकरा वर्षं चालले, तीन हजारांहून जास्त भाग झाले. त्या मानानं पंधरा दिवसांच्या सहलीत तुमचे बारा-तेरा भाग जातील. तेवढ्यात चहाचा ट्रे स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत येतो. वाटेत तीन जण आश्चर्यचकित झाले तर येत नाही. तरीही धोका पत्करू नका. नेमका तुम्ही लूव्रमध्ये असताना ट्रे खाली पडायचा.

परतीचं तिकीट काढताना मात्र आम्ही चुकलो. सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, परदेशचं विमान उतरत नाही, म्हणून मुंबईहून दुसरं धरून आलो आणि सांबऱ्याहून रिक्षानं घरी पोहोचलो तेव्हा आठ पस्तीस झालेले. रविवारचा दिवस धरायला हवा होता. दार उघडंच होतं. आत्ते टीव्हीसमोर, मांडीवर शेंगांचं सूप.

"आलासा? दमला असशीला. बसा की."

नजर पडद्यावरून हलली नाही. आम्ही बॅगा भिंतीला लावल्या, चपला न वाजवता काढल्या आणि बसलो. हिनं पर्समधून चॉकलेट काढून आत्तेच्या हातात ठेवलं. तिनं ते सुपात ठेवलं.

"स्वित्झर्लंड कसं होतं ते सांगा," आत्ते म्हणाली. "खरं जाहिरात लागू द्या."

जाहिरात लागली. मी झुरिचच्या विमानतळापासून सुरुवात केली, पाण्याच्या बाटलीचा भाव सांगितला, आगगाडी बोगद्यात शिरली, आणि आत्तेनं हात वर केला.

ते जूनमध्ये. आता दिवाळी आली. गाडी अजून बोगद्यातच आहे.