कपलर काढून एअर फ्लो सेन्सरची परीक्षा होत नाही

‘इंजिन चालू ठेवून मास एअर फ्लो सेन्सरचा (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा) कपलर, म्हणजे वायरचा जोड, काढा, गाडी बंद पडली तर सेन्सर चांगला, फरक पडला नाही तर तो गेला, आणि गाडी सुधारली तरी तो गेलाच,’ असा सल्ला वाहनधारकांमध्ये सर्रास फिरतो. यातला एकही निष्कर्ष खात्रीचा नाही, आणि त्यापायी चांगले, महागडे सेन्सर विनाकारण बदलले जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कपलर निघताच ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, सिग्नल तुटल्याचे कळते. तो बिघाडाचा कोड नोंदवतो आणि थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) किती उघडा आहे व इंजिनाचे फेरे किती आहेत, यांवरून हवेचा अंदाज बांधतो. त्या अंदाजावर काही गाड्या चालू राहतात, काही बंद पडतात. म्हणजे तपासली जाते ती ईसीयूची पर्यायी व्यवस्था, सेन्सर नव्हे.

‘गाडी सुधारली’ हा पुरावा तर त्याहून फसवा. अनेक डिझेल गाड्यांत कपलर काढल्यावर ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) बंद होतो, सिलिंडरला ताजी हवा जास्त मिळते आणि पिकअप वाढल्यासारखा वाटतो. सेन्सर नवा कोरा असला तरीही. पेट्रोल गाडीत सेन्सर आणि थ्रॉटल यांच्यामधल्या रबरी होजला भेग असेल, तर न मोजलेली हवा आत शिरते; कपलर काढल्यावर ईसीयू सेन्सरऐवजी अंदाजावर चालतो, म्हणून गाडी सुधारल्यासारखी वाटू शकते. ही भेग बहुधा होजच्या घडीच्या तळाशी असते आणि होज हाताने वाकवल्यावरच तिचे तोंड उघडते. सेन्सर बदलून ती बुजणार नाही.

खरा उलगडा ईसीयूतले आकडे दाखवणाऱ्या स्कॅनरवर होतो. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) वाढलेला फ्यूल ट्रिम, म्हणजे ईसीयूने इंधनात केलेली टक्केवारीतली दुरुस्ती, मिनिटाला 2500 फेऱ्यांवर शून्याकडे उतरला, तर हवेची गळती शोधावी. लोडबरोबर तो चढत गेला, तर सेन्सर कमी मोजत असावा किंवा इंधनाचा दाब कमी असावा. टर्बो नसलेले 1.5 लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन 3000 फेऱ्यांवर मिनिटाला 2250 लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 45 ग्रॅम हवा ओढू शकते. प्रत्यक्षात पूर्ण थ्रॉटलला 35 ते 40 ग्रॅम दिसणे रास्त आहे. एअर फिल्टर व सायलेन्सर मोकळे असूनही आकडा 22 वर अडकला, तर सेन्सरवर संशय घ्यावा, आणि तेव्हाही आधी त्याच्यासाठीच बनवलेल्या स्प्रेने, आतल्या हवा मोजणाऱ्या नाजूक तारेला बोट वा कापूस न लावता, तो स्वच्छ करून पुन्हा मोजावे.