तांब्यातलं पाणी आणि जवसाची चटणी: एक खुलासा

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिणाऱ्यांनी जवस, अक्रोड, बांगडा खाऊ नये, त्यातली चरबी पोटात सडते.’ हे खरं नाही. काल खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जवसाची चटणी बरणीसकट टाकून दिली, म्हणून लिहितेय.

मेसेजमागे अर्धं सत्य आहे. बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात तेल ठेवलं तर ते लवकर खवट होतं. मोकळं तांबं जवस, अक्रोड, बांगड्यातल्या ओमेगा-३ सारख्या नाजूक चरबीचं ऑक्सिडीकरण (ऑक्सिजनमुळे खराब होणं) वेगाने घडवतं. शरीरात मात्र तांबं मोकाट फिरत नाही, ते प्रथिनांना बांधलेलं असतं. रक्तातलं बहुतांश तांबं सेरुलोप्लाझ्मिन नावाच्या प्रथिनात. उलट, पेशींतलं सुपरऑक्साइड डिसम्यूटेज हे विकर (एन्झाइम) तांबं आणि जस्त यांच्याच जोरावर चालतं आणि याच चरबीला जपायला मदत करतं. प्रौढाला दिवसाला सुमारे ०.९ मिलिग्रॅम तांबं लागतंच.

ताक, लिंबूपाणी मात्र तांब्यात ठेवू नका, कळकतं. विल्सन आजार (यात शरीरात तांबं साठत जातं) असलेल्यांनी तांब्यातलं पाणी टाळावंच.

काकू, जवस भाजायला घ्या, संध्याकाळी मी येते कुटायला.