धर्माच्या चष्म्यातून कॉकेशस बघणं सोडा राव

२०२५ च्या मे महिन्यात कॉकेशसमधल्या (काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्या मधला प्रदेश) अझरबैजानने भारत-पाक संघर्षात पाकिस्तानची बाजू घेतली आणि आपल्याकडे लोकांनी त्याच्या राजधानीच्या, बाकूच्या ट्रिपा धडाधड कॅन्सल केल्या. ठीक आहे, पैसा ज्याचा त्याचा. पण तेव्हापासून व्हॉट्सॲपवर जे ज्ञानदान चालूय ना, की आर्मेनिया ख्रिश्चन, अझरबैजान मुसलमान, हजार वर्षांचं धर्मयुद्ध, विषय संपला, ते वाचून डोकं फिरतं.

अहो, अझरबैजान शियाबहुल आहे. मग शेजारच्या शिया इराणचं जास्त कुणाशी जमतं? आर्मेनियाशी! आणि अझरबैजानला ड्रोन कुणी विकले, तर तुर्कस्तानबरोबर इस्रायलने. बसवा आता हे तुमच्या धर्मयुद्धात.

बरं, ही माणसं आधी मिसळूनच राहायची. आज शेजारच्या जॉर्जियाची राजधानी असलेल्या तिबिलिसीत १८९७ च्या जनगणनेत सगळ्यात मोठा समाज आर्मेनियन होता, जॉर्जियन नव्हे. बाकूत तेल लागलं तसे रशियन, आर्मेनियन, इराणातले मजूर, नोबेल बंधू सगळे तिथे पोचले (बाकूजवळ सुराखानीला तर ज्वालेचं मंदिर आहे, आपल्या व्यापाऱ्यांनी कोरलेले देवनागरी शिलालेख आहेत त्यावर, श्री गणेशाय नमः वगैरे). १९१८ ला जॉर्जियन, आर्मेनियन आणि अझेरी (अझरबैजानचे लोक) या तिघांनी मिळून एक देशसुद्धा काढून बघितला, जेमतेम महिनाभर टिकला. मग बोल्शेविक (रशियाचे कम्युनिस्ट) आले आणि १९२३ ला आर्मेनियन बहुसंख्य असलेलं नागोर्नो काराबाख त्यांनी स्वायत्त प्रांत करून अझरबैजानच्या पोटात ठेवलं. मॉस्कोचा वचक होता तोवर झाकून राहिलं सगळं.

१९८८ च्या फेब्रुवारीत काराबाखच्या सोव्हिएतने (म्हणजे तिथल्या प्रांतिक सभेने) आर्मेनियात जायचा ठराव केला, आठवड्याभरात अझरबैजानातल्या सुमगाईत शहरात आर्मेनियन लोकांची कत्तल, तिकडे आर्मेनियातून अझेरी हाकलले गेले, १९९२ ला काराबाखमधल्या खोजालीत आर्मेनियन फौजांनी शेकडो अझेरी मारले, १९९४ ला युद्ध थांबलं तेव्हा काराबाखच्या भोवतालचे अझेरी जिल्हेच्या जिल्हे रिकामे, लाखो लोक निर्वासित. मग २०२० ला ४४ दिवसांच्या युद्धात अझरबैजानने फासे उलटवले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये लाखभर आर्मेनियन गाडीत मावेल तेवढं भरून काराबाख सोडून गेले. ज्याचा हात वर, त्याने दुसऱ्याची गावं रिकामी केली, एवढं सरळ आहे ते. पण एका बाजूचे फोटो फिरवायचे आणि दुसऱ्या बाजूचे दाबायचे, यात आपले लोक पटाईत.

आपण आर्मेनियाला पिनाका रॉकेट विकली, मैत्री वाढवतोय, आणि मलाही ते बरोबरच वाटतं. पाकिस्तान-तुर्कस्तान-अझरबैजान एकत्र आले तर आपणही समोरच्याशी हात मिळवणार. हे राजकारण आहे, धंदा आहे, तसंच बोला की मग. त्याला हजार वर्षांच्या धर्मयुद्धाचा मुलामा कशाला देताय?