म्हणे, जुनी कॅरेक्टर डिलीट करा!

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या फाशांनी, गोष्ट रचत खेळायच्या खेळाच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. त्याचं सार असं: 2014 च्या नियमांच्या जागी 2024 चे नियम आले, त्यामुळे डी अँड डी बियाँडवर, म्हणजे खेळाच्या अधिकृत वेबसाइटवर, विकत घेतलेली जुनी पुस्तकं गेल्यात जमा. जुनी कॅरेक्टर (खेळाडूंनी तिथे बनवलेली पात्रं) आपोआप नव्या नियमांत ढकलली जाणार आणि त्यांची वाट लागणार, म्हणून ती आधीच डिलीट करून नव्याने बनवा. जुन्या आणि नव्या नियमांचे खेळाडू एका टेबलावर खेळू शकत नाहीत. फुकटचे नियमही बंद झालेत, तेव्हा खालच्या लिंकवरून ‘बॅकअप’ उतरवून घ्या. आणि शेवटी अर्थातच ‘सगळ्यांना पाठवा’.

कुणीतरी तो माझ्या भाचीला पाठवला. रात्री उशिरा तिचा फोन, ‘मामा, माझी क्लेरिक डिलीट करू ना?’ नाहीतर असल्या फॉरवर्डना उत्तरं देत बसायची मला हौस नाही.

आधी डिलीटचंच बघू, कारण बाकीचं नुसतं चुकीचं आहे, हे नुकसान करणारं आहे. भाचीची क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने जादू करणारी पुजारीण, सातव्या लेव्हलची, टेम्पेस्ट (वादळ) डोमेनची. डोमेन म्हणजे क्लेरिकची शाखा. 2014 च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या मुख्य नियमपुस्तकात, क्लेरिकची सात डोमेन होती, 2024 च्या पुस्तकात चार आहेत: लाइफ, लाइट, ट्रिकरी आणि वॉर. टेम्पेस्ट त्यात नाहीच! म्हणजे या शहाण्याचं ऐकून तिने शीट (कॅरेक्टरची सगळी नोंद) उडवलं असतं आणि नव्या पुस्तकातून क्लेरिक बनवायला घेतली असती, तर तिची क्लेरिक तिला तिथे सापडलीच नसती. शिवाय शीट म्हणजे नुसते आकडे नव्हेत. नोट्सच्या टॅबमध्ये मित्र कोण, शत्रू कोण, कुठल्या देवळात काय शपथ घेतली, हे सगळं तिने लिहून ठेवलंय. मी घरच्या घरी बनवून दिलेल्या दोन जादूच्या वस्तू इन्व्हेंटरीत आहेत. हे सगळं कशापासून वाचवायचं म्हणून उडवायचं? तर जे होणारच नाहीये त्यापासून.

आता हे ‘होणार’ आलं कुठून? इथे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं की धुराखाली थोडी आग होती. ऑगस्ट 2024 मध्ये डी अँड डी बियाँडने खरंच जाहीर केलं होतं की शीटवरची जुनी स्पेल्स (मंत्र) आणि जादूच्या वस्तू नव्या आवृत्तीने बदलल्या जातील, आणि ज्यांना जुनीच हवीत त्यांनी ती होमब्रू, म्हणजे घरी बनवलेल्या गोष्टी, म्हणून स्वतः टाइप करून घ्यावीत. पैसे देऊन घेतलेल्या गोष्टी परत टाइप करा, असं सांगायला धाडस लागतं. लोक खवळले, ते योग्यच होतं. पण मेसेज लिहिणाऱ्याने वाचायचं इथेच थांबवलं. काही दिवसांतच कंपनीने माघार घेतली आणि नवं निवेदन काढलं: विकत घेतलेलं, शेअर झालेलं, फुकट मिळालेलं जुनं सगळं वापरता येईल, चालू शीटांना हात लावणार नाही, फक्त काही नावं बदलतील. ‘रेस’चं (माणूस, एल्फ वगैरे) ‘स्पीशीज’ होईल, ‘इन्स्पिरेशन’चं ‘हिरोइक इन्स्पिरेशन’, ‘कास्ट अ स्पेल’चं ‘मॅजिक’. आणि झालंही तसंच. आज स्पेलच्या यादीत जखमा भरणारं क्युअर वून्ड्स दोनदा दिसतं. एकावर ‘लेगसी’चा शिक्का असतो, ते पहिल्या लेव्हलला 1डी8, म्हणजे आठ बाजूंच्या एका फाशावर पडेल तेवढं, बरं करतं, दुसरं नवं, ते 2डी8. हवं ते घ्या.

एका टेबलावर खेळता येत नाही, हा मुद्दा तर हास्यास्पद आहे. त्याचं उत्तर खुद्द 2024 च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये चौकट टाकून दिलंय. जुन्या पुस्तकातलं बॅकग्राउंड (कॅरेक्टरची पार्श्वभूमी) घेतलं तर अ‍ॅबिलिटी स्कोअर (ताकद, चपळाई वगैरेंचे आकडे) कसे वाढवायचे, त्याला फीट (खास कौशल्य) नसेल तर ओरिजिन फीट घ्या, जुनी स्पीशीज घेतली तर तिच्यातली स्कोअरची वाढ सोडून द्या. जुनं चालणारच नसतं तर ही चौकट छापली कशाला असती? अडचण असते ती एकाच स्पेलच्या दोन आवृत्त्यांची. स्पिरिट गार्डियन्स या स्पेलने क्लेरिकभोवती रक्षक आत्म्यांचं वर्तुळ तयार होतं. जुन्या आवृत्तीत शत्रू स्वतः आत शिरला किंवा आत असताना त्याची पाळी सुरू झाली तरच त्याला मार बसायचा. नव्यात क्लेरिक चालत शत्रूच्या अंगावर गेली तरी बसतो. अशा वेळी कुठली आवृत्ती धरायची हे डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) सेशनच्या आधी सांगावं. दोन मिनिटांचं काम आहे.

पुस्तकं ‘गेल्यात जमा’ नाहीत. मे 2022 मध्ये मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स हे राक्षसांचं नवं पुस्तक आलं तेव्हा व्होलो आणि मॉर्डेनकायनेन यांच्या नावाची दोन पुस्तकं डी अँड डी बियाँडवर विकायची बंद झाली, पण ज्यांनी आधी घेतली होती त्यांच्याकडे ती राहिली. डिजिटल पुस्तक कपाटात येत नाही, कंपनीच्या सर्व्हरवरच राहतं, ही धाकधूक मलाही आहे. आणि डीएमने शेअर केलेली पुस्तकं त्याच्या डी अँड डी बियाँडच्या मास्टर टियर वर्गणीवर चालतात, ती संपली की खेळाडूंची पंचाईत होते. पण ते 2014 लाही लागू होतं आणि 2024 लाही.

फाउंड्री हे ऑनलाइन टेबलाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी तर हा मेसेज वाचूच नये. तिथे अपडेट कधी घ्यायचं ते तुम्ही ठरवता, आणि डी अँड डीच्या सिस्टिममध्ये जुने की नवे नियम याची सेटिंगच आहे.

राहिली ती ‘बॅकअप’ची लिंक. उघडू नका. फुकट नियम बंद झालेले नाहीत. एसआरडी 5.1, म्हणजे 2014 च्या नियमांचा गाभा, जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली आहे आणि तो परवाना मागे घेता येत नाही. नव्या नियमांचा एसआरडी 5.2 एप्रिल 2025 मध्ये त्याच परवान्याखाली आला. दोन्हींच्या पीडीएफ अधिकृतपणे फुकट मिळतात. फक्त पूर्ण पुस्तक समजून उतरवू नका: क्लेरिकचं एकच डोमेन त्यात आहे, लाइफ.