राजीनामा, पहारेकरी आणि वकिलाचा घोडा

बाबूच्या राजीनाम्याचं सगळ्यांना ठाऊक होतंच. मजकूर तयार, मोबाइलमध्ये पडून, पाठवायचा तेवढा बाकी. काल तो कट्ट्यावर टेकतोय न टेकतोय तोच वकिलाने फर्मावलं, "पाठव आणि मोकळा हो! माणूस आधी जन्माला येतो, तो कोण हे नंतर त्याच्या कृतीतून ठरतं. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने १९४५ सालीच पॅरिसच्या व्याख्यानात सांगून ठेवलंय. न निवडणं हीसुद्धा निवडच. तू रोज सकाळी त्या नोकरीवर जातोस, ती रोज नव्याने केलेली निवड आहे." प्रत्येक वाक्याला मांडीवर थाप. वकील थापेशिवाय पूर्णविराम देत नाही.

"निवड कसली?" डॉक्टर म्हणाला. (हा नावापुरता डॉक्टर. मनोविश्लेषक फ्रॉइड वाचून माणसांची निदानं करतो म्हणून हे नाव पडलं.) "याचा साहेबावर राग आहे. साहेब म्हणजे बाप. लहानपणी बापापुढे तोंड उघडता आलं नाही, ते आता उघडतंय."

"साहेब बाई आहेत," बाबू म्हणाला.

"मग आई," डॉक्टर जराही न अडखळता म्हणाला.

निमा इतका वेळ गप्प होती. तिने विचारलं, "डॉक्टर, मी तीन आकडे देते, २, ४, ६. हे एका नियमात बसतात. तू आणखी तिकडी सांग, मी बसते की नाही ते सांगेन. खात्री झाली की नियम ओळख."

"८, १०, १२." बसते. "२०, २२, २४." बसते. "१००, १०२, १०४." बसते. "दोनदोनने वाढणाऱ्या सम संख्या!"

"चूक. नियम एवढाच की आकडे चढते हवेत. १, ७, ९० पण चाललं असतं. तू एकदाही अशी तिकडी दिली नाहीस, जिच्यावर मी नाही म्हणेन असं तुला वाटत होतं. फक्त 'हो' गोळा केलेस." मानसशास्त्रज्ञ वेसनने १९६० मध्ये २९ जणांवर हा प्रयोग केला, तेव्हा एकही चुकीचा नियम न सांगता बरोबर उत्तर देणारे फक्त ६ निघाले. "साहेब पुरुष असला तर बाप, बाई असली तर आई. बाबूने नोकरी सोडली तर बंड, नाही सोडली तर दमन, म्हणजे राग आत दाबून टाकणं. तुझं मत चुकायला जागाच कुठे आहे?"

वकिलाने खूश होऊन दणदणीत थाप मारली. "सार्त्रने १९४३ मध्येच फ्रॉइडची हवा काढली होती! फ्रॉइड म्हणतो मनात दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत इच्छांची गर्दी, आतल्या खोलीत आपली जाणीव, उंबऱ्यावर पहारेकरी. नको त्या इच्छेला तो परत ढकलतो. पण कुणाला अडवायचं हे कळल्याशिवाय पहारेकरी अडवणार कसा? म्हणजे त्याला सगळं ठाऊक आहे. अबोध, म्हणजे आपल्यालाच न कळणारं मन, वगैरे काही नसतं, असते ती आत्मवंचना!"

"चाळणीला खडा कळतो का रे?" निमा म्हणाली. "तरी अडवतेच ना? भोक लहान, खडा मोठा, झालं. अडवायला जाणच लागते असं नाही."

वकिलाचा हात मांडीच्या वरच थबकला. माझ्या मते कालच्या सगळ्या चर्चेतला हा सर्वांत नेमका मुद्दा. सार्त्रचा आक्षेप फ्रॉइडच्या पहारेकऱ्याला लागू पडतो, कारण त्या रूपकात पहारेकऱ्याला माणसासारखंच मन आहे. आपल्या नकळत चालणाऱ्या साध्या यंत्रणांना तो लागू पडत नाही, आणि आजचं मानसशास्त्र अबोधाबद्दल बोलतं तेव्हा मुख्यतः त्यांच्याबद्दलच बोलतं.

निमाने स्वीडनमधला २००५ चा प्रयोग सांगितला. दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे, एक निवडायला लावायचा, आणि हातचलाखीने न निवडलेला फोटो हातात देऊन विचारायचं, हाच का निवडला? बहुतेक वेळा अदलाबदल लक्षातच आली नाही. लोकांनी बिनधास्त कारणं दिली. कुणी सांगितलं, कानातले आवडले. निवडलेल्या चेहऱ्याच्या कानात काहीच नव्हतं!

डॉक्टरला पुन्हा जोर आला. "आणि मेंदूशास्त्रज्ञ लिबेटचा प्रयोग? १९८३! हात हलवायचा विचार जाणवायच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत विजेची हालचाल सुरू झालेली असते. आपण ठरवत नाही, आपल्याला नंतर कळवलं जातं."

"तिथे मनगट कधी हलवायचं एवढंच ठरवायचं होतं," निमा म्हणाली. " कारण नाही, परिणाम नाही. राजीनामा म्हणजे मनगट आहे का? शिवाय २०१२ मध्ये शर्गर नावाच्या मेंदूशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या विजेच्या हालचालीची चढती रेघ म्हणजे आधीच झालेला निर्णयच असेल असं नाही. मेंदूतली नेहमीची खळबळ जमत जमत उंबरठा ओलांडते तेव्हाही सरासरी काढली की तशीच रेघ दिसते."

"मग मी करू काय?" बाबू वैतागला.

"आधी सांग, राजीनाम्याचं सर्वांत पहिल्यांदा कुणाला विचारलंस?" निमाने विचारलं.

"वकिलाला."

"वकील 'थांब' म्हणेल असं वाटलं होतं?"

बाबू हसला. निमाने वकिलाकडे पाहिलं. "तुझ्याच सार्त्रचं आहे हे. आईजवळ राहू की लढायला जाऊ म्हणून विद्यार्थी आला, तेव्हा सार्त्र म्हणाला होता की सल्लागार निवडला की सल्लाही निवडलेलाच असतो. ते वाक्य तू कधी सांगत नाहीस, थापा तेवढ्या मारतोस."

मग तिने बाबूला मोबाइलवरच लिहायला लावलं. कारणं आधी लिहायची नाहीत, ती लिहिली की घट्ट होऊन बसतात. आधी दावा, एका वाक्यात. बाबूने लिहिलं, 'इथे माझी वाढ थांबली आहे.' त्याखाली, काय दिसलं तर हा दावा मी सोडेन? 'नवं काम मिळालं तर.'

"हे सैल आहे. उद्या कसलंही काम आलं तरी तू म्हणशील, हे काही नवं नव्हे. कुठलं काम, कुठल्या तारखेपर्यंत, नवं की जुनं हे कोण ठरवणार, ते आत्ताच लिही. वाट पाहून झाल्यावर अट लिहिली तर ती निकालाच्या मापाने बेतली जाते."

बाबूने तीन महिन्यांनंतरची तारीख घातली आणि कामाचं नावही लिहिलं.

"आता उलटं करून बघ. हीच नोकरी, हाच पगार, याच बाई, आज कुणी नव्याने देऊ केली तर घेशील?"

बाबू बराच वेळ बोलला नाही. हा प्रश्न कामाचा आहे. १९८४ च्या एका प्रयोगात, फाशीच्या शिक्षेबद्दल ठाम मतं असलेल्यांना त्या शिक्षेवरचे अभ्यास देऊन 'निःपक्षपातीपणे वाचा' असं बजावून काहीच फरक पडला नाही. पण 'याच पद्धतीने निष्कर्ष उलटा निघाला असता तर हा अभ्यास तुम्ही इतकाच भक्कम मानला असता का?' हे विचारायला लावलं तेव्हा झुकाव कमी झाला. नुसत्या प्रामाणिकपणाने भागत नाही, उलट बाजू मुद्दाम डोळ्यांपुढे आणावी लागते. आणि उत्तर काहीही आलं, राजीनामा कुठल्याही कारणाने लिहिलेला असला, तरी तो पाठवायचा की नाही हे बाबूलाच ठरवायचं आहे. तेवढ्यापुरता वकील खरा आहे.

"हे ठीक," डॉक्टर म्हणाला, "पण तारीख गेली तर हा तारीख पुढे ढकलेल. अबोध मन—"

"म्हणून हे लिहिलेलं तुझ्याकडे पाठवून ठेवायचं," निमा म्हणाली. "तुझं आणि बाबूचं कशावरच जमत नाही."

वकील अजून धुमसत होता. "सगळं मान्य. पण माणूस हातून घडलेल्या प्रत्येक गोष्टीला जबाबदार आहे, यावरून मी तसूभर हलणार नाही. 'नकळत झालं' ही पळवाट आहे."

"प्रत्येक गोष्टीला?" डॉक्टरने हळूच विचारलं. "मग त्या डावातला घोडा?"

कट्टा शांत झाला. तो डाव सगळ्यांना पाठ आहे. हात लावला तो मोहरा हलवायचा हा बुद्धिबळाचा नियम, घोडा हलवला की वजीर जात होता, आणि वकिलाने आजवर हार मानलेली नाही.

"त्या घोड्याला मी हात लावला नव्हता," वकील उसळून म्हणाला. "तो... नकळत लागला होता!"

निमा हसून हसून कट्ट्यावरून घसरली, आणि डॉक्टरने पहिल्यांदाच स्वतःच्या मांडीवर थाप मारली.